विकत घेतलेली एकच मालिका

पुण्याजवळ माणला खोली घेतली तेव्हा माझ्यासोबत ऑफिसातलीच एक मुलगी राहायची. वर्षभरात तिचं लग्न ठरलं, ती बंगलोरला गेली, आणि नवी पार्टनर शोधायच्या आधीच मला एकटीनं राहायची सवय झाली. घरमालकांना मी दादा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. त्यांची बहुतेक शेती आयटी पार्कात गेली होती. उरलेल्या जागेत त्यांनी ओळीनं खोल्या काढल्या होत्या आणि मागं एक गोठा तेवढा राखला होता. त्यातल्या म्हशी आक्काच्या होत्या.

आक्का दादांची थोरली बहीण. चाळिशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. शाळेत असताना तिला मोठा ताप आला आणि तो उतरला तेव्हा कान गेलेले होते. गुरुजी फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, त्यामुळं ओठ बघूनही काही कळेना. तिनं शाळा सोडली. पुढं लग्नही झालं नाही. हे सगळं वहिनींनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आक्का शेजारी तांदूळ निवडत बसलेली असताना. तिला ऐकू येत नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळत होतं. तिनं एकदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा सुपात घातली.

तिला बोलता यायचं. कान जायच्या आधी ती शिकली होती ते बोलणं शाबूत होतं. पण आपला आवाज किती मोठा लागतो याचा तिला अंदाज यायचा नाही आणि तो अंगणभर जायचा. मग घरातलं कुणीतरी हातानं ‘हळू, हळू’ असं खुणावायचं. वर्षानुवर्षं असं झाल्यावर तिनं परक्या माणसासमोर तोंड उघडणंच सोडलं होतं. वहिनींचं आणि तिचं खुणांवर चालायचं. जेवायला चल, धार काढ, दार लाव. त्यापलीकडं दोघींत काही नव्हतं. भांडणसुद्धा नव्हतं.

मला जपानी ॲनिमे बघायचा नाद परभणीला कॉलेजात असताना लागला. चित्रांची मालिका, पण लहान मुलांचीच असते असं नाही. तिच्यात मरण असतं, म्हातारपण असतं, चुलीवर शिजणारं जेवण असतं. तेव्हा आम्ही मैत्रिणी कुणाकडून तरी सीडी मिळवून बघायचो आणि एखादी मालिका मनात भरली की तिचा खरा, छापील खोक्यातला संच आपल्या कपाटात असावा म्हणून जीव टाकायचो. तो आपल्याकडं मिळायचा नाही, मिळाला असता तरी परवडला नसता. पण हवासा वाटायचा.

माणला आल्यावर मी ब्रॉडबँड घेतलं आणि परदेशी वेबसाइटवर हवी ती मालिका फुकट दिसायला लागली. चाहत्यांनीच खाली इंग्रजी ओळी घालून भाग चढवलेले असायचे. एक संपली की दुसरी. त्यात संचाची ती ओढ कधी विझली, मला कळलंच नाही. नळाला बारा महिने पाणी आल्यावर हंडे भरून ठेवायचं जसं आपोआप सुटतं, तसं ते सुटलं.

नेट फार हळू चालायचं. रविवारी सकाळी मी भाग लावून ठेवायचे, तोवर कपडे धुवायचे, केस धुवायचे, आणि दुपारपर्यंत तो भरला की बघायला बसायचे. अशाच एका दुपारी आक्का दुधाचं भांडं घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली. मी उठले, भांडं घ्यायला हात पुढं केला. तिनं ते दिलं नाही. ती लॅपटॉपकडं बघत होती.

“ही बोलत्यात त्ये खाली लिवून येतंय व्हय?”

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो इतका मोठा होता की वहिनी घाईनं बाहेर आल्या. मी मानेनं हो म्हटलं.

“काय लिवलंय? मला इंग्रजी येत न्हाई. मराठी येतं.”

मी लॅपटॉपवर एक कोरी खिडकी उघडली, अक्षरं मोठी केली आणि टाइप केलं: ‘ही मुलगी मीठ विकते. ती तिच्या भावाला शोधतेय.’ आक्कानं ओठ हलवत ते वाचलं आणि दुधाचं भांडं खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

मालिका अशीच होती. डोंगराळ मुलखात एक मुलगी पाठीवर मिठाचं पोतं घेऊन गावोगाव हिंडते. लहानपणी दुरावलेला भाऊ तिला शोधायचा असतो. प्रत्येक भागात नवं गाव, नवी माणसं. मारामारी नाही, जादू नाही. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ती ‘फार संथ’ म्हणून सोडून दिली होती.

घरात टीव्ही होता. पण त्यावरच्या मराठी मालिकांत माणसं बोलायची ते कुणी लिहून दाखवत नव्हतं, म्हणून आक्का टीव्हीसमोर कधी बसायची नाही. आपल्या भाषेतल्या गोष्टी तिला बंद होत्या, आणि कुठली कोण जपानी पोरगी तिच्याशी बोलायला तयार होती. फक्त मध्ये इंग्रजी आडवं येत होतं.

तेवढं मला करता येण्यासारखं होतं. मी आठवड्यात संध्याकाळी भाग आधी बघायचे आणि एकेक संवाद मराठीत टाइप करायचे. रविवारी वर चित्र चालू आणि खाली ती खिडकी, इंग्रजी ओळी झाकल्या जातील अशी ठेवलेली. पात्र बोललं की मी बाणाचं बटण दाबायचे, पुढची ओळ वर यायची. कधी माझं बोट चुकायचं आणि म्हाताऱ्याचं बोलणं पोराच्या तोंडी जायचं. आक्का हसायची आणि माझ्या हातावर चापट मारायची.

एका भागात ती मुलगी संध्याकाळी गावाबाहेर दगडावर बसते. बराच वेळ कुणी बोलत नाही. आक्का माझ्याकडं वळली.

“आता का गप हाय?”

मी सांगणार होते की काही नाही, नुसतीच बसलीय. मग लक्षात आलं की गप नव्हतं. मी टाइप केलं: ‘रातकिडे ओरडताहेत.’

तिनं ते वाचलं. चित्र पुढं गेलं, पण ती त्याच ओळीकडं बघत राहिली. मग म्हणाली, “हितं अजून वरडत्यात का?”

माणमध्ये मला ऐकू यायचे ते कंपन्यांचे जनरेटर आणि खडीचे डंपर. रातकिडे आहेत की नाहीत हे मी कधी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर, दिवेलागणीला, मी गोठ्यामागं जाऊन उभी राहिले. डंपर गेला, धूळ बसली, आणि गवतातून तो आवाज आला. बारीक, पण होता. आक्का धार काढत होती. मी तिच्या समोर जाऊन ओठ सावकाश हलवत म्हटलं, “आहेत.”

तिला लगेच कळलं कशाबद्दल ते. तिनं धार तशीच चालू ठेवली, फक्त कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवलं.

त्यानंतर मी आवाजही लिहायला लागले. पत्र्यावर पाऊस. लांबून घंटा. कुणीतरी दार ओढलं. इंग्रजी ओळींत ते नसायचं, ते मला कानानं ऐकून घालावं लागायचं. आक्का प्रत्येक आवाजापाशी थांबायची. काही तिला आठवायचे. काही पुसले गेले होते, त्यांच्याबद्दल ती विचारायची आणि मला नीट सांगता यायचं नाही. घंटेचा आवाज कसा असतो हे शब्दांत सांगायला गेलं की आपण किती तोकडे आहोत ते कळतं.

मालिकेचे शेवटचे काही भाग मी अजून बघितले नव्हते. एका रविवारी दोघींनी मिळून सलग बघायचं ठरवलं होतं. त्या आठवड्यात मी टाइप करायला बसले तर वेबसाइटवर मालिकेच्या जागी एकच ओळ होती: ही मालिका आपल्या देशात उपलब्ध नाही.

ऑफिसात शेजारच्या टीममध्ये एकजण होता, माझ्यासारखाच ॲनिमेवेडा. आम्ही कँटीनमध्ये भेटलो की हेच बोलायचो. त्यानं सांगितलं, “अमेरिकेतल्या कंपनीनं हक्क घेतलेत. आता तिकडं ते स्वतःच जाहिराती लावून फुकट दाखवणार. आपल्याला मात्र बंद.” मग म्हणाला, “घाबरू नकोस, दुसरी लिंक देतो.”

त्यानं दिलीही. पण ते चित्र विस्कटलेलं होतं, माणसांचे चेहरे दिसेनात, आणि इंग्रजी ओळी अशा की वाक्याचा वाक्याशी मेळ नाही. मी आक्काला ते दाखवलं आणि टाइप केलं, ‘चांगलं सापडेपर्यंत थांबू या. फुकटातलंच आहे, कुठं ना कुठं मिळेल.’

आक्कानं ते वाचून मान हलवली. “पोरी, वरल्या अंगाला आमचं गायरान हुतं,” ती म्हणाली. “समदं गाव शेरडं चारायचं तितं. कुनी कवा पैसं मागितलं न्हाईत. येक दिस शेरडं घिऊन ग्येले तर तारंचं कुंपान. आदल्या दिसापोत्तर आमचंच हाय आसं वाटायचं.” मग तिनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं. “ह्ये कुटं इकत मिळतं का? इकत घ्यू. मग आपल्या हाती ऱ्हाईल.”

मी त्या संध्याकाळी किंमत पाहिली आणि पान बंद केलं. खरं तर पगार होता, परवडलं असतं. अडचण दुसरीच होती. जवळजवळ सगळी मालिका माझी पाहून झाली होती. पाहिलेल्या गोष्टीसाठी एवढे पैसे मोजायचे, ही कल्पनाच हात आखडायला लावत होती. कॉलेजात असताना असं एखादं खोकं मिळावं म्हणून मी काय काय केलं असतं! मालिका तितकीच आवडली होती, कदाचित जास्तच. आवडणं जागच्या जागी होतं, घेणं तेवढं गळून पडलं होतं.

कँटीनमध्ये मी हे त्याला सांगितलं. त्याच्याकडं एके काळी खऱ्या संचांचं एक फडताळ होतं, नातेवाइकांकडून परदेशातून मागवलेले. तो म्हणाला, “पाहिलेलं मी विकत घेत नाही. आणि न पाहिलेलं तर मुळीच नाही, ते आवडेल कशावरून? म्हणजे आता घ्यायला जागाच उरली नाही.” हसत म्हणाला, पण नंतर बराच वेळ चमचा नुसता ताटात फिरवत राहिला.

दादांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “फुकट बघितलेलं परत इकत घ्यायचं? ह्ये लई नवीन ऐकतुया.” वहिनींना तर ते वेडच वाटलं. आक्कानं कुणाचं विचारलं नाही. दुधाच्या पैशातून आपला वाटा तिनं माझ्या हातात ठेवला आणि माझी मूठ मिटवली. तिचा वाटा मी घेतला नसता, पण ती ऐकणारी नव्हती. तेव्हा मलाही माझा घालणं भाग पडलं.

कँटीनमधला तो पुढं काही महिन्यांसाठी ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेला. येताना त्यानं संच आणला. मला देण्याआधी त्यानं खोकं उलटंसुलटं करून बघितलं, कडेवरून अंगठा फिरवला. “असं काही मी शेवटचं कधी घेतलं ते आठवत नाही,” तो म्हणाला. “आवड गेली असं नाही गं. फक्त घ्यावंसं वाटत नाही. आणि वाटत नाही याचं वाईटही वाटत नाही, हे जरा विचित्र आहे.”

आक्कानं हात धुऊन, पदराला पुसून खोकं घेतलं. प्लॅस्टिकचं वेष्टण नखानं हळूच सोडवलं. आत त्या मुलीचं चित्र होतं, पाठीवर पोतं, मागं समुद्र. दादांनी उत्साहानं घरातला डीव्हीडी प्लेअर लावला. डिस्क फिरली, थांबली, आणि टीव्हीवर इंग्रजीत सूचना आली: ही डिस्क या प्रदेशात चालणार नाही.

“काय म्हनतंय?” आक्कानं विचारलं.

मी सांगितलं, ही अमेरिकेत विकलेली डिस्क तिकडच्याच प्लेअरवर चालते. ती खाली बसली. दादा प्लेअरच्या अंगावर हात मारत राहिले. पैसे भरून, खोकं हातात असूनही आम्ही कुंपणाच्या बाहेरच होतो. वहिनी दारातून म्हणाल्या, “मी म्हनलंच हुतं.”

पण लॅपटॉपमध्ये तो प्रदेश बदलता यायचा. फार थोड्या वेळा बदलू देतो, मग कायमचा अडकून बसतो, अशी ताकीद पडद्यावर आली. मी बदलला. डिस्क चालली. चित्र इतकं स्वच्छ होतं की फुकटच्या चित्रात आम्हाला न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. मुलीच्या बाहीवरचं ठिगळ. झोपडीच्या भिंतीवर टांगलेली कणसं.

विकतच्या डिस्कवरचं इंग्रजीही वेगळं होतं. माझे आधीचे मराठी संवाद जागोजाग जुळेनात, म्हणून मी ते बदलायला घेतले. आक्कानं लगेच पकडलं. “ह्यो म्हातारा आदी आसा बोलत न्हवता. आदीचा मायाळू हुता. खरा कंचा?”

मला माहीत नव्हतं. जपानी तिलाही येत नव्हतं, मलाही. शेवटी आम्ही तिच्या म्हणण्याप्रमाणं जुना म्हातारा ठेवला.

शेवटचे भाग रविवारी दुपारी बघितले. मुलगी समुद्राकाठच्या गावात पोचते. तिथं तिला भाऊ सापडतो. त्याला बायको आहे, मूल आहे. तो तिला ओळखत नाही. ती त्याच्या ओसरीवर बसते, त्याच्या बायकोनं दिलेलं पाणी पिते, मूठभर मीठ देते आणि निघून जाते. कोण आहे ते सांगत नाही.

मी बटण सोडलं. आक्काचा चेहरा लाल झाला होता.

“बोलली का न्हाई?” ती ओरडली. “तोंड हाय, वाचा हाय. समोर भाऊ हाय. बोलली का न्हाई?”

“बोलून काय झालं आसतं? त्याचा संसार हुता.”

हे वहिनींनी म्हटलं. त्या कधीपासून दारात उभ्या होत्या, मला माहीत नाही. त्यांनी सगळं वाचलेलं होतं. आक्काला अर्थातच ऐकू आलं नाही, पण वहिनींचे ओठ हललेले तिनं पाहिले आणि माझ्याकडं बघितलं. मी वहिनींचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं.

आक्कानं ते वाचलं आणि ती वहिनींकडं वळली. “संसार त्याचा हुता. हिचं काय हुतं? हिनं कुनाशी बोलायचं?”

वहिनी आत आल्या, खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, “लिवा. म्हनावं, पानी दिलं की तिनं. पानी तर दिलं.” मी लिहिलं. आक्कानं वाचलं. ती म्हणाली, “व्हय. पानी दिलं.” त्या घरात मी राहायला आल्यापासून दोघींत झालेलं हे पहिलं बोलणं होतं, आणि ते माझ्या बोटांतून गेलं होतं.

त्याच सुमारास मंदी आली. आमचा प्रोजेक्ट बंद पडला. काहींना घरी पाठवलं, मला चेन्नईला. निघताना मी संच आक्काकडंच ठेवला, तो तिचाच होता. जुना लॅपटॉपही ठेवला. पण बटण कोण दाबणार हा प्रश्न होता. आक्काला दाबता आलं नसतं, कारण पात्र कधी बोलतं ते तिला कळायचं नाही. मी हे वहिनींसमोर म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला दावा की. कानं हायेत मला.”

मी त्यांना शिकवलं. शब्द कळायची गरज नव्हती. आवाज आला की दाबायचं, दुसरा आवाज आला की पुन्हा. पहिल्या दिवशी त्या इतक्या घाबरल्या होत्या की बोट बटणावरून उचलेनात आणि ओळी धडाधड पळाल्या. आक्कानं त्यांच्या हातावर चापट मारली. वहिनी चिडल्या. मग हसल्या.

चेन्नईहून वर्षभरानं एका कामासाठी पुण्यात आले तेव्हा माणला जाऊन आले. खोल्यांवर आणखी एक मजला चढला होता आणि गोठा अजून होता. अंगणात पोचायच्या आधीच मला आक्काचा आवाज ऐकू आला. ती मोठमोठ्यानं कुठल्या तरी भाडेकरूला पाणी सांडल्याबद्दल बोलत होती आणि कुणीही हातानं ‘हळू’ करत नव्हतं. वहिनी तिच्याशी बोलताना आता समोर येऊन, तोंड उजेडाकडं करून बोलत होत्या. मालिका त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बघितली होती. ती मुलगी बोलली नाही ते बरोबर की चूक यावर त्यांचं अजून एकमत झालं नव्हतं, आणि चहा पिताना दोघींनी तो वाद माझ्यासमोर नव्यानं मांडला.

त्यानंतर मी एकही मालिका विकत घेतलेली नाही. फुकट बघते, कंटाळले तर अर्ध्यात सोडते. कधी एखादी फारच आवडली तर किंमत बघून येते आणि पान बंद करते. फुकट नसती तर मीठ विकणारी ती मुलगी माणच्या त्या अंगणात कधी आलीच नसती, हे मला मान्य आहे. पण ती तिथं राहिली ती आक्कानं दुधाचे पैसे घातले म्हणून. त्या दिवशी माणहून निघताना मी तिला विचारलं, दुसरी एखादी आणू का? ओठ सावकाश हलवत.

तिनं वहिनींकडं पाहिलं, वहिनींनी मान डोलावली.

“आन,” आक्का म्हणाली. “पर आदी फुकट दाव. आवाडली तर घ्यू.”